सारवलेला खडक

माझ्या वडिलांनी पोलादपूर आणि महाड या दोन तालुक्यांत मिळून किती विहिरी खणल्या, ते त्यांनाही सांगता येत नाही. आमच्या दारात मात्र विहीर नव्हती. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराला चिकटून. होळी जवळ आली की वाडीखालच्या डुऱ्याचा तळ दिसायला लागायचा. डुरा म्हणजे जमिनीत खणलेला हातभर खड्डा. त्यात झिरपेल तेवढं पाणी वाटीनं उपसायचं आणि हंड्यात ओतायचं. एका हंड्याला आईची अर्धी सकाळ जायची. बाबा तेव्हा कुठंतरी लोकांच्या विहिरीत, तीस-चाळीस फूट खाली, पहार आणि घण घेऊन. सुरुंग उडवता उडवता त्यांचे कान गेले. मी सातवीत असताना उजवा गेला, दहावीत असताना डावा. डॉक्टरला दाखवायला हवं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. विहिरीवरच्या माणसाला कमी ऐकू येणार, हे आमच्याकडं पावसाळ्यात वाट निसरडी होणार इतकं साधं होतं.

हे मी कौतुकासाठी सांगत नाही. गरिबी सांगितली की लोक माना हलवतात. मला त्या माना नको आहेत. सांगायचं एवढंच की पुढं जे घडलं ते याच घरात घडलं, आणि दोष द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना हेच घर सापडलं. मलासुद्धा.

मी महाडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्याबरोबरची बरीचशी मुलं औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत लागली, पाळीच्या बसनं जायला-यायला लागली. मी मुंबईला जाऊन एम.एस्सी. केलं आणि पुण्याच्या एका संस्थेत प्रकल्प सहाय्यक म्हणून लागले. सहाय्यक म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर काम करणारी, मुदत वाढेल की नाही याची वाट बघणारी.

प्रकल्प मंगळाचा होता. मंगळावर फार पूर्वी पाणी होतं आणि त्या पाण्यात दगड कुजून चिकणमातीचे थर झाले, हे आता जगभरचे शास्त्रज्ञ मानतात. तशा मातीत जुन्या जीवसृष्टीची एखादी खूण, थोडासा सेंद्रिय कार्बन, टिकून राहिला असेल का, आणि असला तर तिथं फिरणाऱ्या यंत्राला तो ओळखता येईल का, हा सध्याचा मोठा प्रश्न. मंगळावरून माती अजून कुणी आणलेली नाही. म्हणून पृथ्वीवर तशीच माती शोधायची आणि यंत्रं तिच्यावर तपासून बघायची. आमच्या सह्याद्रीत तशी माती आहे. एकदा लाव्हा वाहिला, थंड झाला, त्याचा वरचा भाग हजारो वर्षं ऊनपाण्यात कुजून तांबडा झाला. मग त्यावर दुसरा लाव्हा येऊन बसला आणि तो तांबडा थर दोन काळ्या दगडांत दाबला गेला.

एका बैठकीत आमच्या प्रकल्पप्रमुख सरांनी अशा थराचा फोटो भिंतीवर दाखवला. मी म्हणाले, "सर, हा आमच्या घराच्या मागं आहे."

सर म्हणाले, "असाच?"

"असाच. तीन पुरुष लांब, छातीइतका उंच. तिथं रस्ता नाही, खाण नाही. कुणी हात लावलेला नाही."

सर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलले. प्रकल्पात एक परदेशी बाई होत्या, या विषयात नाव असलेल्या. कुणी हात लावलेला नाही म्हटल्यावर त्यांनी आमचीच जागा पक्की केली. त्यांच्या प्रयोगशाळेत मला पीएचडी करायची होती, आणि त्यांनी मला आधीच कळवलं होतं की तुझ्या नावाचा एक छापील शोधलेख घेऊन ये, मग बोलू. सरांनी सांगितलं होतं, हे काम नीट झालं तर लेखात तुझं नाव घालू. माझं सगळं त्या एका लेखावर टांगलेलं होतं.

होळीच्या आधी नमुने घ्यायचं ठरलं. मी आईला फोन केला.

"आई, पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत. घरामागचा तांबडा पट्टा बघायला."

"तो कशाला गो?"

"मंगळावर तसाच हाय."

"बरं. किती माणसं?"

"पाच. त्यात एक गोरी बाई."

"वशाट खातात काय?"

"खातात."

"मग कोंबडा धरून ठेवते." आणि फोन ठेवला.

दगडाला हात लावू नका, असं मी म्हणाले नाही. दगडाला कोण कशाला हात लावेल?

आम्ही पोचलो तेव्हा वाडीतली वाट झाडलेली होती. चढावर बाबांनी कुदळीनं पायऱ्या घेतल्या होत्या. मागं गेले तर खडकाच्या एका टोकाला हळदकुंकू लावलेलं आणि खाली फुटक्या नारळाची भकलं. माझे कान तापले. सर आणि बाई मागून येत होते. मी ओढणीनं ते हळदकुंकू भराभर पुसलं, भकलं पायानं झुडपात ढकलली आणि सगळ्यांना पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. आईला काही विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. शेजारच्या काकी दारातून हसून काहीतरी सांगायला पुढं झाल्या, त्यांनाही मी डोळ्यांनीच गप्प केलं. त्या लाजेपायी पुढचं सगळं झालं, हे आज मी लिहून ठेवते. त्या दिवशी मी आईजवळ दोन मिनिटं उभी राहिले असते तर हा मजकूर लिहावा लागला नसता.

बाईंनी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. मंगळावरच्या यंत्राला दगडाची वरची कातडीच दिसते, म्हणून त्यांना ती वरची कातडीच हवी होती. पातळ पातळ खरवडून बाटल्यांत भरायची. बाबा बाजूला उभे राहून बघत होते. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. ते म्हणाले, "वरचं काय घेताव? वरचं वाऱ्यापावसाचं. आतलं घ्या."

सर हसून म्हणाले, "बाबा, आम्हाला विहीर नाही खणायची."

सगळे हसले. बाबांना ऐकू आलं नाही, तरी सगळे हसतायत म्हणून तेही हसले. मीही हसले. कोंबड्याचं कालवण आणि नाचणीची भाकरी बाईंनी हातानं खाल्ली, आई खूश झाली. आम्ही कशाला आलोय ते डुऱ्यावर मी बायकांना थोडक्यात सांगितलं. त्यावर एकीनं विचारलं, "मंगळावर पानी होता म्हनतेस? मंग तिकडं पन मार्चात आटतो काय गो?" 

तीन-चार महिन्यांनी निकाल आले. तांबड्या मातीत सेंद्रिय कार्बनची खूण, स्पष्ट. सरांनी सगळ्यांना पेढे वाटले. कोट्यवधी वर्षं जुन्या, भाजल्या गेलेल्या चिकणमातीत सेंद्रिय द्रव्य टिकून राहतं आणि ते वरवर बघणाऱ्या यंत्राला दिसतं, असा सरांनी अर्थ लावला. तसं असतं तर तो लहान शोध नसता. सूक्ष्मदर्शकाखाली मला काही बारीक पिवळट तंतू दिसले होते. मी वहीत लिहिलं, 'मुळं असावीत'. सरांनी वाचलं, मान हलवली. एका आंतरराष्ट्रीय परिषदेला सारांश गेला. पाच नावं, चौथं माझं. मी तो फोटो घरी पाठवला. आई सांगते, बाबांनी मोबाईल हातात घेऊन माझ्या नावावर बोट ठेवलं आणि नाव बोटाखालून सरकलं म्हणून पुन्हा पुन्हा शोधत बसले.

गौरी-गणपतीला घरी गेले. आई गौरीसाठी अंगण सारवत होती, शेजारच्या काकी पाणी शिंपत होत्या. आई हात न थांबवता म्हणाली, "काय गो, तुझ्या त्या बाईला आमची भिंत आवडली काय नाय? काय बोललीच नाय."

"कुठली भिंत?"

"मागचा दगड गो. चौघी जणी दोन दिवस लागलो होतो. शेवाळ खरवडला, धुतला, मंग वरनं हात फिरवला."

"कसला हात?"

"शेणाचा. आणि कसला? त्यातच तिथली तांबडी माती कालवली, म्हंजे रंगाला रंग लागला. बघितल्यावर कोन सांगल काय सारवलाय म्हणून?"

काकी म्हणाल्या, "मुलगी बघाया येतात तवा तिला बिनअंघोळीची बसवतात काय? येवढी लांबनं मानसं येनार!"

मी म्हणाले, "पाणी कुठलं आणलंत?"

"डुऱ्याचं. चार हंडे."

होळीच्या तोंडावरचं, वाटीवाटीनं आलेलं पाणी. ते त्यांनी दगडाला घातलं होतं. आमच्याकडं जे कुणाला दाखवायचं ते आधी सारवायचं. उंबरा, अंगण, खळं. पाहुणे दगड बघायला येणार, म्हणून दगड. यात काहीही चुकीचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

"का गो? चुकला काय?" आईनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

एसटीत बसून पुण्याला परत येताना मी एकच विचार केला. चार बायका सोडल्या तर हे कुणाला माहीत नाही, आणि त्या चौघींना इंग्रजी येत नाही. पुण्यात पोचल्यावर आधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पिवळट तंतू. गुरानं चावून बाहेर टाकलेला पेंढा. मी लहानपणापासून शेणात हात घातलेली बाई, आणि मला काचेखाली शेण ओळखता आलं नाही. काच लावली की घरचं काही ओळखू येऊ नये, असंच मी शिकले होते की काय कोण जाणे.

मी सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"हे तू आत्ता सांगतेस?"

"मला आत्ता कळलं."

"अजून कोणाला माहीत आहे?"

"आमच्या वाडीतल्या चार बायकांना."

"त्या चौघी परिषदेला येणार नाहीत," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "हे बघ, घरच्या बायकांनी काय केलं म्हणतात, तो काही शास्त्रीय पुरावा नाही. तुझंच नाव आहे त्यात. विचार कर."

मी दोन दिवस विचार केला. मोठेपणा म्हणून सांगत नाही. खोटं टिकलं असतं असं मला वाटलं असतं तर मी गप्प बसलेही असते. पण उद्या कुणीतरी त्याच खडकावर पुन्हा खरवडायला येणार, आणि आई त्यालाही कोंबडा धरून ठेवणार आणि मोठ्या मानानं सगळं सांगणार. मी परदेशी बाईंना सगळं लिहून कळवलं. सारांश मागं घेतला गेला. बाईंचं उत्तर चार ओळींचं आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, स्थानिक लोकांच्या हस्तक्षेपामुळं जागा बाद करत आहोत. हस्तक्षेप! सरांनी माझी मुदत वाढवली नाही. कारण विचारलं तर म्हणाले, निधी नाही. प्रयोगशाळेतून सामान उचलताना एकानं मागून हाक मारली, "गोबर मॅडम, पेन राहिलं तुमचं." मी पेन घ्यायलाही वळले नाही.

मी घरी राहायला आले आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला लागले. पाळीच्या बसनं, ज्यांच्याबरोबर शिकले त्यांच्याच शेजारी बसून. कुणी विचारलं तर सांगायची, पुण्याचं हवामान सोसलं नाही. आई मात्र रोज विचारायची, चांगली नोकरी का सोडलीस. एका दुपारी मी जेवत होते आणि तिनं पुन्हा विचारलं.

"तुमच्या सारवणामुळं," मी म्हणाले.

आईला मी सगळं सांगितलं, सांगायला नको होतं तेवढं सांगितलं. गोबर मॅडमसुद्धा सांगितलं. ती उठली. ताट उचलून घेऊन गेली. दिवाळी आली तेव्हा तिनं अंगण सारवलं नाही. म्हणाली, "आता फरशी घालून घेऊ. शेणाला हात नको." जन्मभर ज्या हाताचा तिला मान होता, तो मी एका वाक्यात काढून घेतला. सरांनी माझी नोकरी घेतली, पण हे सरांनी केलेलं नाही. हे मी केलं.

बाबांना भांडण दिसलं होतं, ऐकू आलेलं नव्हतं. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागतं, त्यामुळं सगळ्या वाडीला एकदम कळलं. बाबा म्हणाले, "दगड धुतला म्हणून नोकरी जाते?"

"वरचा धुतला म्हणून!"

"मी बोललो होतो, आतला घ्या."

"हो!"

ते उठून गेले. पंधरा दिवसांनी आले आणि म्हणाले, "तुडील गावाच्या वर डोंगराच्या अंगाला विहीर चालू हाय. तांबडं लागाय आलंय, चार-पाच फूट ऱ्हायलंत. खाली हात कोण लावनार नाय. कसा काढायचा ते तू बोल."

विहिरीवरच्या लोकांना तांबडं लागणं म्हणजे शुभ असतं. पाणी त्या थराच्या अंगावरून सुटतं. तो थर कधी येणार हे वरच्या काळ्या दगडाच्या रंगावरून बाबा सांगतात, आणि ते चुकत नाहीत. मी हातमोजे, काचेच्या बाटल्या, आगीत तापवून घेतलेली छिन्नी, सगळं स्वतःचं घेऊन सुट्टीच्या दिवशी तिथं गेले. यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, पाळण्यात बसून खाली उतरले. टोळीतले लोक वरून गंमत बघत होते.

"काय बाईसायब, दगडाला ताप आलाय काय?"

"सुई हळू टोचा!"

बाबांनी सुरुंग लावला नाही. वरचा काळा दगड घणानं फोडून तांबड्याचं तोंड माझ्यासमोर उघडलं आणि हात मागं बांधून उभे राहिले. कोट्यवधी वर्षं कुणी न बघितलेला तो थर ओलसर होता, विटेच्या रंगाचा. मी बाटल्या भरल्या. टोळीनं अर्धा दिवस काम बंद ठेवलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी नुसता हात वर केला होता.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. स्वच्छ माती काय दाखवते ते बघायचं, तर त्याच्या शेजारी सारवलेली मातीही हवी. तारीख माहीत असलेली, कुणी आणि कशानं सारवली ते लिहून ठेवलेली. आईला सांगितलं.

"मी नाय आता हात लावायची," ती म्हणाली.

"आई, मला हवंय."

"आधी नको होतं, आता हवंय. तुझ्या शास्त्राचं एक काय ते ठरव."

तीन दिवस ती हो म्हणाली नाही. चौथ्या दिवशी काकींना घेऊन मागं गेली. मी फोटो काढायला मोबाईल उचलला तर म्हणाली, "फोटो नको काढू. काम हाय तर काम कर." पहिल्यासारखंच शेण, पहिल्यासारखीच माती. तिचा हात दगडावर अर्धगोल फिरत होता आणि मी शेजारी उभं राहून वहीत लिहीत होते. माफी मागायची ती वेळ होती. मी मागितली नाही. दोघींपैकी कुणी वर बघितलं नाही.

मी परदेशी बाईंना लिहिलं. एक नमुना विहिरीच्या तळाचा, हात न लागलेला. दुसरा सारवलेला, पहिल्यासारखाच आठवडाभर उन्हात ठेवून काढलेला. तिसरा पहिल्या खेपेचा, तुमच्याकडच्या बाटल्यांतला. तीन आठवडे उत्तर नाही. मग आलं, 'पाठवा.' परवानग्यांच्या कागदांत पुढचे कित्येक महिने गेले.

विहिरीच्या मातीत सेंद्रिय कार्बनची खूण नव्हती. काहीच नव्हतं. सारवलेल्या दगडाची आणि पहिल्या बाटल्यांची खूण मात्र एकमेकींवर ठेवावी इतकी सारखी होती. ज्याचे आम्ही पेढे वाटले ते शेण होतं, आणि वरची कातडी बघणाऱ्या यंत्राला त्यातला फरक कळत नाही, हे आता आकड्यांनिशी दाखवता येत होतं. मंगळावर उद्या कुणाला काही सापडलं तर पेढे वाटायच्या आधी काय तपासावं, यावर लेख तयार झाला. बाई म्हणाल्या, हा पहिल्या लेखापेक्षा उपयोगी आहे.

सरांचा लगेच फोन आला. "अभिनंदन! आपला पेपर होतोय म्हणे." पहिले नमुने त्यांच्या प्रकल्पातले, त्यामुळं त्यांचं नाव घालावं लागलं. मसुद्यात आभाराच्या ओळीत कुणीतरी 'स्थानिक मजूर आणि रहिवासी' असं लिहिलं होतं. मी ते खोडून चौघी बायका आणि बाबा अशा पाच माणसांची पूर्ण नावं लिहिली, आणि बाबांच्या नावापुढं 'विहीर खोदण्यातले जाणकार' असं. परत विचारणा आली, हे आवश्यक आहे का. मी उत्तर दिलं, आहे.

आईला लेखाचा छापील कागद दाखवला. तिनं हात पुसून कागद घेतला, बघितला, परत दिला. "ठेव नीट," म्हणाली. अंगणात आता फरशी आहे. आई ती रोज नुसती झाडते.

लेखावर चार नावं आहेत. पहिलं माझं आहे, सरांचं तिसरं. त्या लेखावर मला परदेशात, त्या बाईंच्या प्रयोगशाळेत, पीएचडीला प्रवेश मिळाला.